बर्फाचं ताक

भिजलेल्या गोणपाटाचा वास आला की मला मांजरसुंब्याचा तो ढाबा आठवतो. ऊसतोड कामगारांचा अभ्यास करायला आलेली एक परदेशी बाई आणि मी, तिची दुभाषी, तिथं जेवायला थांबलो होतो. ती फक्त सीलबंद बाटलीतलं पाणी प्यायची. पण पाहुणी ताक न पिता कशी जाईल, म्हणून ढाबेवाल्यानं गोणपाटातली बर्फाची लादी दगडानं फोडून तिच्या ग्लासात खडे टाकले. दुसऱ्या दिवशी जुलाबानं तिची शुद्ध हरपली. दवाखान्यात तिला सलाइन लागल्यावर आमचा ड्रायव्हर तडक ढाब्यावर निघाला, मी मागोमाग. तो ढाबेवाल्याच्याच गावचा. त्यानं मालकाची गचांडी धरून त्याला भट्टीवर ढकललं. मालकानं झारा हाणून त्याचं कपाळ फोडलं. “आमी जलमभर ह्योच बरफ खातोय बे, आमाला काय होतंय?” मालक किंचाळला. रक्त पुसत ड्रायव्हर म्हणाला, “मंग तुजी लेक कशानं गेली? जुलाबानंच ना?” पुन्हा उगारलेला झारा तसाच वर राहिला. मग मालकानं उरलेली लादी उचलून रस्त्यावर आपटली आणि अनवाणी पायांनी तिचा चुरा तुडवत राहिला. बाई बरी होऊन तिच्या देशात गेली. पण आजही लग्नात कुणी बर्फाचं ताक पुढं केलं, की मी कधीच न पाहिलेली ती पोरगी माझ्या डोळ्यांसमोर येते.