वरून अ‍ॅसिड ओतलेली बॅटरी

शिवडीच्या कोळ्यांची ती बॅटरी माझ्या हातून मेली आणि मी ते लपवलं.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की इंजिनवाले मालक बॅटरी उतरवून आमच्या लालबागच्या चार्जिंगच्या दुकानात ठेवायला देत. पडून असलेल्या बॅटरीला अधूनमधून चार्ज द्यावाच लागतो, नाहीतर आतल्या प्लेटी पांढऱ्या पडून कायमच्या निकामी होतात. ते काम माझं होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना, मोर्चांना मी जात असे, पण दोष चळवळीवर ढकलणार नाही. घरी जायची वाट दुकानावरूनच होती. मी कंटाळा केला.

नारळी पौर्णिमेच्या तोंडावर काचेच्या नळीत अ‍ॅसिड ओढून पाहिलं, तर पाण्यासारखं पातळ, म्हणजे बॅटरी पार उतरलेली. मी वरून ताजं अ‍ॅसिड ओतलं. नळीतला तरंगता काटा भरल्याच्या खुणेपर्यंत वर आला. प्लेटी मेल्या त्या मेल्याच. बॅटरी भरली म्हणून देऊन टाकली.

दुसऱ्याच फेरीला, जाळं ओढायला बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू होईना. दुसऱ्या होडीने ओढून आणलं. मला बोलावणं आलं. होडी दोघा भावांची. थोरला तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या; धाकटा इंजिन सांभाळणारा. मी डायनामो तपासला, पट्टा दाबून पाहिला, तारांची टोकं घासली. सगळं ठीक होतं. ते ठीक असणार हे मला ठाऊक होतं.

"मंग झालंय काय?" थोरल्याने विचारलं.

"बत्ती रात्रभर जळत राहिली तरी बॅटरी बसते," मी म्हणालो.

तो धाकट्याकडे वळला. "झोपलास ना रं बत्ती लावून, नवरदेवावानी?"

"आईची आन, दादूस, मी इझवली व्हती."

"मंग म्हावऱ्यानं लावली काय?"

खलाशी हसले. धाकटा माझ्याकडे बघत राहिला. मी एक शब्द बोललो असतो तर त्याचं काम वाचलं असतं. मी हत्यारं पिशवीत भरली.

थोरल्याने त्याला त्याच दिवशी होडीवरून उतरवलं. तो गिरणीत लागला. राज्य झालं, चाळीत पेढे वाटले, तरी मी त्याच्याकडे गेलो नाही. थोरला वारल्याचं कळलं तेव्हा काळाचौकीला धाकट्याच्या खोलीवर गेलो. भाऊ अखेरपर्यंत एकमेकांशी बोलले नव्हते. आता सांगून काही जुळणार नव्हतं. तरी दारातच म्हणालो, "बत्ती तुम्ही विझवली होती. बॅटरी मीच दुकानात मारली. हे तुमच्या भावाला तेव्हाच सांगायला हवं होतं. मला माफ करा."