समशेर खंजिरेंचा वाचक

माझ्या गाडीत बसण्याआधी फ्रान्सिस अंकल मागची सीट वाकून तपासत. आखातातल्या जनाबिया या वस्तीतून आमच्या हॉस्पिटलपर्यंत आम्ही रोज एकत्र जायचो. गाडी माझी, तरी संशय माझ्यावरच. "बाय, घात ओळखीचाच माणूस करतो," ते म्हणत. "अनोळख्याला आपल्यात काय इंटरेस्ट?"

वसईचे हे गृहस्थ हॉस्पिटलच्या मेडिकल स्टोअरमध्ये कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी 'समशेर खंजिरे' या नावाने मराठीत रहस्यकथा लिहीत. त्यांचा डिटेक्टिव्ह पहिल्याच पानावर मार खायचा आणि शेवटपर्यंत सख्ख्या भावावरही विश्वास ठेवायचा नाही. हे गुपित फक्त मला ठाऊक होतं, तेही प्रकाशकाचा फोन गाडीत आला म्हणून. कंपनीच्या व्हिसावर राहून दुसरं काम करतो हे कळलं तर नोकरी खलास, ही त्यांची धास्ती. त्यांच्या मुलीचं शिक्षण चालू होतं, त्यामुळे मला हसताही येत नसे.

मग साताऱ्याचे जाधव साहेब सुपरवायझर म्हणून आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी डब्याशेजारी खंजिरेंचं पुस्तक ठेवलं.

"वाचलंय का, फ्रान्सिस? काय लिहितो हा माणूस!"

अंकलनी आपला डबा अर्धवटच बंद केला. परतताना गाडीत म्हणाले, "सापळा आहे. मला बोलतं करायला पाठवलाय."

"अहो, त्यांना खरंच आवडत असेल."

"मॅनेजमेंटचा माणूस आणि माझी पुस्तकं वाचणार?"

तेव्हापासून त्यांनी खंजिरेंची सालटी काढायला सुरुवात केली. "थर्ड क्लास लेखक, साहेब. सगळी उचलेगिरी." जाधव हिरमुसायचे, वाद घालायचे, पुस्तकातली वाक्यं पाठ म्हणून दाखवायचे. मला अंकलचा राग यायचा आणि कीवही. इतकं जीव लावून वाचणारा माणूस समोर बसलेला, आणि हे त्याचा मोबाइल रेकॉर्डिंगला लावलाय का ते बघत बसलेले.

पुढे जाधव साहेब कायमचे गावी निघाले. निरोपाच्या चहाला त्यांनी अंकलचा हात हातात घेतला. "तुमचं पटलं हो शेवटी. टाकून दिली सगळी पुस्तकं. बायको गेल्यापासून तेवढाच विरंगुळा होता, पण तुमच्यासारखा जाणता माणूस म्हणतो म्हटल्यावर..."

परतताना गाडीत सिग्नलला अंकलनी डोळे पुसले. "खरंच वाचायचा गो तो."

"मग आत्ता फोन करा. सांगा, मीच खंजिरे."

त्यांनी जाधवांचा नंबर लावला. पलीकडे रिंग वाजली, आणि कोणी उचलायच्या आत त्यांनी फोन कट केला.

"बाय," ते हळूच म्हणाले, "त्याचा नंबर अजून कंपनीच्याच नावावर असेल, नाही?"