मामांचा अंगठा आणि चालणारं लिंबू

मशीनने आमच्या मामांना मृत ठरवलं, म्हणून मी मासे धरायचा रॉड विकत घेतला.

मामा म्हणजे माझे सासरे. सगळी हयात निलंग्याकडच्या आमच्या गावात शेती केली आणि सासूबाई गेल्यावर आमच्या हट्टाखातर नांदेडला राहायला आले. मार्चमध्ये मी त्यांना हयातीच्या दाखल्यासाठी घेऊन गेले. मामांनी मशीनवर अंगठा ठेवला. कॉम्प्युटरवरची पोरगी म्हणाली, "बाबा, अंगठा येईना." पुसून ठेवला. येईना! तेल लावून ठेवला, माझ्या पदराला घासून ठेवला. (पदराला डाग पडला, अंगठा काही आला नाही.) शेवटी तिने डोळ्यांचं मशीन लावलं आणि दाखला मिळाला.

ऑटोत मामा म्हणाले, "डोळ्यानं जिता हाय म्हणं म्या. अंगठ्यानं मेलो!"

मी हसले, पण ते हसले नाहीत. त्या दिवसापासून अंगठा मुठीत दाबून बसायला लागले, दुसरी भाकरी नको म्हणायला लागले. आणि एका गुरुवारी पिशवी भरून समोर उभे! "सूनबाई, सोमवारच्या गाडीनं गावाकडं जातो. हितं माझं काय काम न्हाई."

गावाकडच्या घरात आता कुणीच नाही. तिथे हा माणूस एकटा भिंतीकडं बघत बसेल. आमचे हे म्हणाले, "जाऊ दे गं, आठ दिवसांत परत येतील." मला माहीत होतं, नाही येणार.

मग मला मामांची मरळ आठवली. तरुणपणी त्यांनी मांजरा नदीत बांबूच्या काठीला गळ बांधून एक मरळ धरली होती. ही गोष्ट ते जेवताना सांगत, आणि दर वेळी तो मासा वीतभर वाढत असे. ठरलं तर! मामांना गळ आणायचा, तोही भारीतला.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, स्पिनिंग देऊ का बेटकास्टिंग?"

अठरा वर्षं मास्तरकी केलेल्या बाईला 'मला माहीत नाही' म्हणता येत नाही. मी विचारलं, "मरळीला दोन्हीत चांगलं कोणतं?"

"मरळीला बेटकास्टिंगच. पण नवशिक्याला जरा अवघड जातंय."

नवशिक्या! मला! "बेटकास्टिंगच द्या," मी म्हटलं.

त्याने लाइट, मीडियम, हेवी असे तीन रॉड पुढे ठेवले. मी स्टीलचं पातेलं घेतल्यासारखे तिन्ही हातात तोलले, बोटानं वाजवले आणि सगळ्यात जड तो उचलला. रिळावर गिअरचे आकडे होते, पाच, सहा, सात. जास्त मार्क ते चांगलं, म्हणून सातवालं. "मॅडम, गळाला लावून टाकायचं काय हाय ते तर सांगा, त्याच्या वजनावर रॉड असतोय," तो बिचारा कळवळून सांगून राहिला होता. पुढं अंगठ्याबद्दलही काहीतरी म्हणाला, पण तोवर मी लाल रंगाचं रीळ घ्यावं की काळं यात गुंतले होते. (लाल घेतलं.)

शनिवारी शाळेतून आल्यावर मामांना गच्चीवर नेलं. त्यांनी रॉड हातात घेतला, वरखाली बघितला. "सूनबाई, एवढ्या दांडक्यानं मासा धरायचा का मारायचा?"

"मामा, तुम्ही फक्त बघा. मी व्हिडिओ बघितलेत!"

गळ लावायची भीती वाटली, म्हणून दाभणानं एका लिंबात दोरी ओवली. पदर खोचला, रिळाचं बटण दाबलं आणि जीव खाऊन रॉड फिरवला. लिंबू सुसाट गेलं. रीळ त्याच्याहून सुसाट फिरलं! क्षणात आतली सगळी दोरी उसळून वर आली, रिळावर मांजरानं लोकरीत लोळावं तसा गुंता झाला. आणि लिंबू? ते कठडा ओलांडून शेजारच्या कदमकाकूंच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या कुरडयांच्या मधोमध जाऊन बसलं.

त्याच वेळी काकू कुरडया उलटायला वर आल्या. मी चटकन खाली बसले.

"अगं बाई गं! लिंबू! अन् दोरा ओवलेलं! कुणी करणी केली गं माझ्या घरावर?"

आता ते गुपचूप ओढून घ्यावं, एवढा एकच विचार माझ्या डोक्यात आला. रीळ फिरेना, म्हणून बसल्या बसल्या हातानंच दोरी ओढायला लागले. पातळ दोरी काकूंना कुठली दिसायला! त्यांना दिसलं ते एवढंच, की लिंबू कुरडयांतून वाट काढत हळूहळू निघालंय.

"चालून राहिलंय! अहो, धावा! लिंबू चालून राहिलंय!!"

काकूंनी पायातली चप्पल लिंबावर फेकली. जिन्यातून कदमकाका बनियनवर धावत आले. मी कठड्याआड देवाचा धावा करत होते. तेव्हा मामा शांतपणे कठड्याशी गेले आणि म्हणाले, "बाई, भिऊ नका. लिंबू आमचंच हाय. सूनबाई मासे धरून राहिल्यात."

आणि मग मामा हसले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले! दोन आठवड्यांनी ते हसणं ऐकलं आणि मला तिथंच बसून रडू फुटलं. (काकूंना वाटलं, पस्तावा झाला. तोही होताच, दीड किलो कुरडया मला करून द्याव्या लागल्या.)

मग लिंबू परत ओढून घेऊन मामा मांडी घालून गुंता सोडवायला बसले. तासभर लागला. सुटल्यावर त्यांनी रीळ पुढं-मागं फिरवून बघितलं आणि हळूच त्यावर अंगठा टेकवला.

"ह्याला अंगठ्यानं आवरायचं असतंय व्हय? चऱ्हाट वळताना दोर असाच सोडावा लागतोय."

आयुष्यभर दोर वळून त्या अंगठ्यावरच्या रेघा झिजल्या होत्या. मामांनी रॉड फिरवला. लिंबू अलगद गेलं, रीळ अंगठ्याखाली गुमान फिरलं, आणि गच्चीच्या टोकाला ठेवलेल्या बादलीत लिंबू पडलं, टप्प! गुंत्याचं नाव नाही.

मामांनी अंगठा डोळ्यांसमोर धरला. "आला की! सूनबाई, अंगठा आला!"

सोमवारची गाडी त्यांच्याशिवाय गेली. त्या दिवशी मामा दुकानात गेले आणि माझं दांडकं बदलून मीडियम रॉड घेऊन आले. आधी टोक वाकवून बघितलं म्हणे, मग मरळीच्या आमिषाचा रबरी बेडूक टांगून बघितला.

आता दर रविवारी आम्ही दोघं आसना नदीवर जातो. मामांनी आतापर्यंत दोन मरळी धरल्यात. (जेवताना त्या वाढून राहिल्यात.) मीही टाकते आणि दर वेळी गुंता सोडवत काठावर बसते. मामा शेजारी येतात, माझ्या हाताकडं बघतात आणि त्या मशीनवरच्या पोरीच्या आवाजात म्हणतात, "बाई, अंगठा येईना!"