दाजींचा हात

घरात कुठंही भांडं पडलं, की अंगणात बसलेले आमचे दाजी दचकून म्हणायचे, "म्या न्हाई केलं." दांडग्या अंगाचा, झुपकेदार मिशांचा, शंभर मेंढरं एका शिट्टीवर वळवणारा माणूस! थोरल्या ताईचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होते. दाजी उमापूरहून सासुरवाडीला आले, की मी मुद्दाम ताटली पाडायची आणि ओढणीआड हसायची. आज ते आठवलं की माझी मलाच चीड येते.

जेवायला ते कायम भिंतीला पाठ लावून बसत. वाढणाऱ्याचा हात जरा वर गेला, की मान आपोआप खाली. घास धड चावायचेही नाहीत. आई एकदा म्हणाली, "पाव्हणं, सावकाश खावा. कुणी पळवून न्हाई नेणार." तर म्हणाले, "मला कळतंय, मामी. पोटाला अजून पटत न्हाई." आईनं आणखी एक भाकरी थापायला घेतली.

खांद्यावर काठी असे, पण ती मेंढरावर उगारलेली कुणी पाहिली नाही. पोटच्या पोरीला मात्र दाजी जवळ घेत नसत. रेणूनं हट्ट धरला, दूध सांडलं, की हे उठून रानात चालते व्हायचे, दोन-दोन दिवस मेंढरांतच. ताईला वाटे, मुलगी झाली म्हणून तोंड फिरवतात. शेवटी आठ वर्षांच्या रेणूला घेऊन ती गेवराईला माहेरी आली. "मेंढरावर माया हाय, लेकरावर न्हाई. म्या न्हाई जायची परत," म्हणाली.

मी तणतणत भांडायलाच उमापूरच्या रानात गेले. दाजी एका लंगड्या मेंढीच्या खुराला औषध लावत होते. सगळं ऐकून घेतलं आणि वर न बघता बोलू लागले. लहानपणी आई वारली, चुलत्यानं वाढवलं. मेंढरू चुकलं, की चुलता त्यांना दाव्यानं खुंट्याला बांधून मारायचा. येणारे-जाणारे बघायचे, सोडवायचं कुणी नाही. "राग आला की ह्यो हात माझा ऱ्हात न्हाई, काकाचा व्हतो," ते म्हणाले. "पोरीला लागू नये म्हून उठून जातो."

मी ताईला सांगितलं. ती खूप रडली आणि दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं परत गेली. मग दाजींना बीडला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. सुरुवातीला ते नुसतेच बसून येत. गावात "येड लागलं का बे?" सुरू झालं, तर म्हणायचे, "मेंढीच्या खुराला औषध लावतो, मंग मनालाच कावून न्हाई?" पण रेणूला जवळ घेणं काही जमत नव्हतं.

सुगीनंतर मी सुट्टीला उमापूरला गेले होते. दाजी पाणी आणायला गेले आणि मेंढरांवर नजर ठेवायला रेणूला सांगून गेले. पोर बोरं वेचण्यात रमली. कापलेल्या ज्वारीला कोवळे फुटवे आले होते. ते जनावराला विष, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मेंढरं त्यातच शिरली आणि चार मेंढ्या जागीच गेल्या.

घरी आल्यावर रेणू दारातच उभी राहिली. चुलता आता थकला होता, त्याला दाजीच सांभाळत. तो बाजेवरून खेकसला, "दोन ठेवून दे तिला! वळण लागतं."

दाजींचा हात वर गेला. रेणूनं डोळे मिटले.

हात खाली आला, कुणालाही न लागता. "काका," दाजी म्हणाले, "मला वळण न्हाई लागलं. भ्या लागलं. अजून लागतंय."

म्हाताऱ्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. दाजी उठून जातील असं वाटलं, पण ते तिथंच जमिनीवर बसले आणि रेणूला मांडीवर ओढलं. तिचे लांब पाय मांडीत मावेनात. दाजींना हात कुठं ठेवावा कळेना. शेवटी तिच्या पाठीवर ठेवला.

"आबा, मेंढ्या माझ्यामुळं मेल्या," ती हुंदके देत म्हणाली.

"हां, मेल्या," दाजी म्हणाले. "तरी बस हितं."