विलास आणि कापलेले साग

दुपारी सोयाबीन काढत होतो. फोनवर वनमजूर ओरडला, "अध्यक्ष, विलासभाऊले कुऱ्हाडीनं तोडलं!" चपला वावरातच टाकून मी मेडशीच्या जंगलाकडे पळालो. विलास, आमचा वनरक्षक, नुकत्याच तोडलेल्या सागाच्या थुटाशेजारी पालथा पडला होता. मानेवर दोन घाव. त्याचा ड्रोनही दगडाने ठेचलेला... माणूस मारून सागचोरांचं पोट भरलं नव्हतं.

सहा आठवडे झाले, माझा राग निवत नाही. विलास बदली होऊन आला तेव्हा मीच त्याची टर उडवली होती, "पतंग उडवाची नोकरी बरी हाय बा!" तो ड्रोनने फोटो काढायचा, ते जोडून जंगलाचा नकाशा करायचा आणि मागच्या नकाशाशी ताडून बघायचा. एखाद्या सागाचा शेंडा गायब दिसला, की चोरी कळायची. चोर बिलंदर. थुटावर शेणमाती लिंपून वर पाला पसरायचे. म्हणून हा पठ्ठ्या पायी जाऊन एकेक थूट उकरायचा. "वरून चूक होऊ शकते, अध्यक्ष. हात लावल्याबिगर मी गुन्हा लिहीत नाही." एकदा चोरांनी तिथेच त्याचं डोकं फोडलं. टाके घेऊन तिसऱ्या दिवशी गडी पुन्हा जंगलात! त्यानेही त्यातल्या एकाचा हात पिरगाळून मोडला होता. संत नव्हता तो.

आता माझं पाप सांगतो. जंगल गावाचं, तर गावाला सगळं सांगायचं, ही आमच्या वनसमितीची रीत. मी तिचा अध्यक्ष. ग्रामसभेत शाळेच्या भिंतीवर नकाशा दाखवला आणि छाती फुगवून म्हणालो, सोमवारी नाल्यापलीकडचा भाग विलास एकटा तपासणार. मागून माझा पुतण्या बोलला, "काका, किती वाजता?" मी म्हणालो, "दहाले." जळो माझी जीभ! बाहेर आल्यावर विलासने विचारलं, "वेळ कायले सांगतली?"

"आपल्याच गावाचं भेव वाटते का तुले?" मी हसलो. तोही हसला.

विलास गेला, त्याच सोमवारी संध्याकाळी पुतण्या न्हाणीजवळ कुऱ्हाड घासून घासून धुवत होता. मी पाहिलं आणि गप्प राहिलो. पोलीस घरी आले, त्यांना चहा पाजला, तरी गप्प. भावाचं लेकरू ना... थू माझ्यावर!

शेवटी परवा विलासच्या बायकोकडे, सुनंदाताईंकडे गेलो आणि सगळं ओकलो. वाटलं, चप्पल काढतील. पण त्यांनी मला वनचौकीतल्या विलासच्या खोलीत नेलं. खुंटीवर खाकी सदरा होता, घामाच्या वासासकट, धुतलेला नाही. त्याच्या खिशातलं पेन काढून त्यांनी माझ्या हातात दिलं.

"लिवा भाऊ. पोलिसाईले द्याचं हाय. नाव पुरं लिवा."

मी त्याच्या खाटेवर बसलो. पुतण्याचं नाव लिहिलं, त्याच्या बापाचं लिहिलं, आणि मग आमचं आडनाव.