वीरगळ आणि चौथी अट

वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उभा केलेला कोरीव दगड. सहसा त्यात खाली युद्ध, मध्ये स्वर्गाची वाट आणि वर शिवलिंगासमोर बसलेला वीर असतो. बहात्तरच्या दुष्काळानंतर मी वळसंगच्या शाळेत भूगोल आणि भूमिती शिकवत होते, तेव्हा त्या शिवारातल्या वीरगळाचा वीतभर बुंधाच जमिनीत उरला होता. इंग्रजी अमलात एका साहेबाने तो पहारी लावून उपटताना मोडला आणि वरचा भाग सोलापुरात आपल्या बागेत नेला.

ज्यांच्या शेतात तो बुंधा होता, त्या म्हाताऱ्या बाईंना सगळे अव्वा म्हणत. त्यांच्या घरात कन्नड चाले, माझ्याशी त्या मराठी बोलत. दर येळ अमावस्येला, म्हणजे शेतात पूजा करण्याच्या सणाला, त्या बुंध्यावर तेल ओतत.

“सासरा सांगायचा, वर घोडा हाय म्हणून. तेवढा बघितला की मग डोळं गेलं तरी चालंल,” त्या म्हणाल्या. मोतीबिंदूने एक डोळा गेलाच होता.

साहेबाच्या बंगल्यात आता सरकारी कार्यालय होते. बागेतला दगडी बाक खालून कोरलेला आहे, हे तिथल्या माळ्याने मला सांगितले. साहेबाने वीरगळ पालथा घालून त्याचा बाक केला होता. दगड गावाला परत मिळावा म्हणून मी अर्ज केला; तो इथलाच असल्याचा पुरावा कार्यालयाने मागितला. सातवीच्या मुलांनी बुंध्याच्या मोडलेल्या कडेवर खाकी कागद ठेवून आकार कापला. तो घेऊन मी सोलापूर गाठले, पण दगडाशी काही केल्या जुळेना.

“बाई, दुसऱ्याच गावचा दिसतोय,” कार्यालयाचे अधीक्षक म्हणाले.

क्षणभर मी खचले. मग कागद उलटा केला. बुंध्याची कड वरून पाहिलेली, दगडाची खालून. दोन्ही एकमेकींची प्रतिबिंबे असणार, हे भूमितीत मीच शिकवत असे. कड बरोबर बसली.

दगड देताना कार्यालयाने पाच अटी घातल्या. चौथी अट अशी, की दगडास तेल वा शेंदूर लावू नये. लावल्यास परत घेतला जाईल. मी सही केली. ती अट मला योग्यच वाटली होती.

वीरगळ बुंध्यावर उभा राहिला त्या दिवशी अव्वांनी एका डोळ्याने बराच वेळ पाहिले. दगड पांढुरका, कोरडा, झिजलेला.

“घोडा कुटं हाय?”

“हा काय, अव्वा, इथे.”

“मला नुसता दगुड दिसतोय.” त्यांनी तेलाची वाटी मागितली.

“तेल लावायचं नाही. मी लिहून दिलंय.”

“तुमी दिलं. मला कुणी इचारलं? इतकी वर्सं सायेबलोक त्याच्यावर बसले ते चाललं, व्हय?”

त्यांनी तेल ओतले, तळव्याने चोळले. दगड काळा पडला आणि उन्हाच्या तिरिपीत आधी कान, मग आयाळ, मग उचललेला पाय उमटला. अव्वांचे बोट त्या पायावरून हळूहळू फिरत राहिले.

त्याच आठवड्यात मी कार्यालयाला कळवले, की चौथी अट पाळली गेलेली नाही, आणि ती यापुढेही पाळता येणार नाही. कारणही लिहिले: तेलावाचून कोरीवकाम दिसत नाही, आणि तेल लावणे हीच त्या दगडाची निगा आहे. पत्र टाकल्यावर मात्र भीती वाटली. दगड गेला असता तर माझ्या सहीमुळे गेला असता.

पंधरा दिवसांनी अधीक्षक तपासणीला आले. अव्वांनी आधी त्यांना भाकरी वाढली. “पोटभर खावा. उपाशी माणूस लई अटी घालतो,” म्हणाल्या. ते हसले. जेवून दगडापाशी वाकले, तेव्हा अव्वांनी त्यांचा हात धरून घोड्यावर ठेवला. अधीक्षकांनी रुमालाने हाताचे तेल पुसले आणि अटींचा कागद उघडला. चौथी अट त्यांनी खोडली नाही. तिच्यापुढे ‘प्रत्यक्ष पाहिले’ असे लिहून सही केली, दगड परत नेण्याविषयी काहीच लिहिले नाही, आणि होटगीहून सोलापूरची गाडी गाठायला निघाले.