तारीख बदललेली नाही

२००५ साली शहापूरच्या एका कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर रितेश ऑपरेटर म्हणून आला आणि आपण सगळे कारकून अडाणी आहोत, हे आम्हांला कळलं. कॉम्प्युटरचा कोर्स केलेला तो एकटाच. मशीनजवळ जायचं तर चपला बाहेर. मशीन बंद केलं की बिघडतं, असं त्याचं शास्त्र. संध्याकाळी तो फक्त पडदा काळा करून, वर कव्हर घालून घरी जाई.

पाण्याचे टँकर कुठं पाठवायचे ती यादी आतल्या खोलीत साहेबांच्या मशीनवर एका फोल्डरमध्ये असे. ते फोल्डर तारेतून रितेशच्या पडद्यावर दिसे. उघडायला दहा मिनिटं लागत, म्हणून त्यानं ते एकदा उघडलं ते उघडंच ठेवलं. दर सोमवारी तो यादीसमोरची तारीख बघे. बदलली असली तर नवी यादी उतरवून घ्यायची, नाहीतर आपल्याकडची जुनीच छापून टँकरवाल्यांना द्यायची. केवढी ही कामाची शिस्त!

भातसानगरच्या वर करवंदवाडी आहे. तिथून धरणाचं पाणी छान दिसतं, मुंबईला जाताना. वाडीतल्या जनाबाईची सून रंजिता, दिवस भरत आलेले, ओढ्यात खणलेल्या खड्ड्यातून हंडे वर आणायची. एप्रिलअखेर साहेबांनी जनाबाईच्या डोळ्यांदेखत वाडीचं नाव यादीत घातलं. सोमवार आला, टँकर नाही आला.

"सायबानं नाव घातलं रे बाबा, मी पायलं," जनाबाई रितेशला म्हणाली.

"मावशी, ही तारीख बघा. अठरा एप्रिल. यादी बदललीच नाय. कॉम्प्युटर खोटं बोलत नाय."

साहेब म्हणत, घातलंय. रितेश म्हणे, नाही. दोन खोल्यांत अंतर बारा पावलं. ती फक्त जनाबाई चालली. मीही उठलो नाही, याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या आठवड्यात रंजिता ओढ्यात घसरली. पोटातलं वाचलं, पाय मोडला. हंडा सासूच्या डोक्यावर आला.

तिसऱ्या सोमवारी लोडशेडिंग लांबलं आणि रितेशच्या मशीनच्या बॅटरीनंही मान टाकली. मशीन बंद! तो रडायचाच बाकी होता. वीज आल्यावर फोल्डर नव्यानं उघडावं लागलं. यादीसमोर तारीख होती सव्वीस एप्रिल. करवंदवाडी वीस दिवसांपासून यादीत होती. पडद्यावरची तारीखच शिळी होती; फोल्डर उघडं ठेवलं तेव्हापासून ती बदललीच नव्हती.

"नेटवर्क स्लो होतं," रितेशनं निकाल दिला.

पुढच्या सोमवारी जनाबाई पुन्हा आली. चपला न काढता थेट मशीनपाशी गेली आणि पाण्यानं भरलेली बाटली त्याच्या टेबलावर ठेवली.

"टँकरचं हाय. पी. पन आदी तारीख बघ."

रितेशनं बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घालून फाइल चाळायला लागलो.